पंधरा सेकंद

त्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी उभा होतो. नऊ वर्षांत रशीदभाईंनी मला ताटकळत ठेवलं असं कधी झालं नव्हतं. उलट मीच डोळे चोळत पोचायचो आणि ते फजरची नमाज आटोपून, कपडे बदलून तिथे जागच्या जागी उड्या मारत असायचे. दहा मिनिटं वाट पाहिली, दोनदा फोन लावला आणि मग चक्क रागावून त्यांच्या घराकडे निघालो. आज या माणसाला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून. नेरला दारव्हा रोडवर त्यांचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागेच घर. शटर अर्धं वर होतं आणि बाहेर सात-आठ माणसं खाली मान घालून उभी होती. आत फरशीवर रशीदभाई होते. एका पायात बूट, त्याची लेस नेहमीसारखी दुहेरी गाठ मारून बांधलेली. दुसरा बूट शेजारी तसाच... अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस धावायला निघता निघता गेला. सुनवायला नेलेले ते चार शब्द अजून माझ्याजवळच आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. चाळिशी जवळ आल्यावर पोट सुटलं म्हणून धावायला लागलो, तेही असं की दोन किलोमीटरमध्ये जीभ बाहेर. रशीदभाई गॅरेजच्या पायरीवर चहा पीत रोज हा तमाशा पाहायचे. एकदा त्यांनी मला थांबवलंच. "मास्तर, काहून पळून राह्यले असे? मागं कुत्रं लागलं का?" मी धापा टाकत होतो. त्यांनी ग्रीसचे काळे डाग पडलेली दोन बोटं माझ्या गळ्याशी लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणलं. "एकशे अठ्ठ्याऐंशी. इंजन जाळून टाकसान एखांद्या दिवशी." दुसऱ्या दिवसापासून तेही माझ्याबरोबर धावायला लागले, आणि धावणं कसं असतं हे मला तेव्हा कळलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून हा माणूस हृदयाच्या ठोक्यांवर धावायला शिकला होता. नियम एकच, ठोके एकशे चाळीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वर गेले की वेग कमी, तरी उतरले नाहीत तर सरळ चालायचं. दर वेळी थांबून मोजायला नको म्हणून त्यांनी मास्तरांसाठी खास उपाय काढला होता. धावता धावता मी एकोणतीसचा पाढा म्हणायचा. पाढ्यात दम तुटला की ते हात वर करायचे आणि आम्ही चालायला लागायचो.

सुरुवातीला लाज वाटायची. दुधाचे कॅन लावलेल्या सायकली पुढे जायच्या, शेतात निघालेल्या बायाही पुढे जायच्या आणि हसायच्या. "रशीदभाई, हे धावणं आहे की वरात?" असं मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "नव्या गाडीले पहिले हजार किलोमीटर दाबाचं नसते, मास्तर. आपण नवेच हावोत." चार महिन्यांनी त्याच एकशे चाळीसमध्ये आम्ही तेच अंतर कितीतरी लवकर कापायला लागलो, तेव्हा माझा विश्वास बसला. पुढे यवतमाळला एकवीस किलोमीटरची शर्यत मी न थांबता पुरी केली. शेवटच्या रेषेवर माझ्या आधी पोचलेले रशीदभाई उभे होते. मला वाटलं मिठी मारतील. त्यांनी आधी माझं मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजलं आणि मगच मिठी मारली.

घरी हाच हात रोज सकाळी अम्मींच्या मनगटावर असायचा. अम्मी म्हणजे त्यांची आई, पंच्याहत्तरीच्या. त्यांना आजार असा काही नव्हता, पण पलंगाच्या कडेला बसून त्यांचे ठोके मोजल्याशिवाय रशीदभाई घराबाहेर पडत नसत. "अम्मी, गाडी मस्त चालून राह्यली," असं ते म्हणायचे आणि अम्मी "चल, हट" म्हणून हात सोडवून घ्यायच्या. कधी मी त्यांना बोलवायला गेलो की दारात उभा राहून हे पाहायचो. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी आम्ही दोघांत मिळून छातीला बांधायचा पट्टा घेतला. तो बांधला की ठोके मोबाईलवर दिसतात. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. पट्टा आला आणि आमची बोटं सुटली. मग थंडीत, ते जायच्या आधीच्या आठवड्यात, त्यांच्या पाळीला आकडे चढे यायला लागले. उठल्याउठल्या बारा-पंधराने जास्त, आणि रोजच्याच चालीला एकशे साठ. एरवी माझा आकडा सकाळी आठने जरी वाढला तरी ते मला धावू देत नसत, घरी पाठवून द्यायचे. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "पट्टा खराब झाला. गाडीतबी पहिले सेन्सरच जाते, इंजन ठीकच रायते." त्यांनी पट्टा उघडला, सेल बदलला, पुसून पुन्हा बांधला. मी म्हणालो, "माझ्या दिवशी तर बरोबर दाखवतो." तर म्हणाले, "तुमच्या छातीवर बसते तो, माह्या छातीवर नाई बसत." मी हसलो. हसलो आणि हो म्हणालो... दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवायला पंधरा सेकंद लागले असते. त्या आठ दिवसांत ते मला सुचलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पट्टा गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवून टाकला आणि आम्ही तसेच धावत राहिलो.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तो पट्टा खिळ्यावरून काढून छातीला बांधला. मोबाईलवर साठ आले, बोटांनी मोजले तेही साठच. तसाच गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. वेळेवर दवाखान्यात गेले असते तर वाचले असते का, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याने माझी सुटका होत नाही.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर अम्मींना हे सांगायचं ठरवलं. भाभी, म्हणजे रशीदभाईंच्या बायको, इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, असल्यामुळे आतल्या खोलीत होत्या, बाहेर पलंगावर अम्मी एकट्याच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. आकडे, पट्टा, माझं हसणं, सगळं. वाटलं होतं, बोलतील, रागावतील. मला तेच हवं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"त्या दिशीबी माहा हात धरला त्यानं," त्या म्हणाल्या. "रोजच धरे. मी एक दिवस तं म्हनाले पायजे होतं, ला रे, तुहा हात पाहू... नाई म्हनलं, बेटा."

मग त्यांनी आपला हात माझ्यापुढे केला. "चाळीस दिस झाले, कोनी मोजलं नाई."

मी मनगटावर बोटं ठेवली. पहिल्यांदा डोळे भरून आले आणि मोजणी चुकली. पुन्हा सुरुवात केली. "घाई नोको करू," त्या म्हणाल्या, "तो पुरे पंधरा धरे." अठरा ठोके भरले. "मस्त चालून राह्यली, अम्मी," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि उलट माझंच मनगट धरलं. "आता तुहा ला." त्यांना मोजता येत नाही. नाडी कुठे लागते हेही त्यांना ठाऊक नाही, त्यांचा अंगठा भलत्याच जागी होता. घड्याळाचा काटा पंधराच्या पुढे गेला, तिसाच्या पुढे गेला, एक फेरी पुरी झाली, तरी त्यांनी हात सोडला नाही.