रेनीचा अडकलेला शब्द

एवढं मोठं सभागृह एका शब्दासाठी शांत थांबलेलं मी परवा पहिल्यांदाच पाहिलं.

अमेरिकेत आमच्या शेजारी डेलोरिस राहते. ती शहराची बस चालवते. तिची मुलगी रेनी लहानपणी फार अडखळत बोलायची. दुकानात काही मागायचं तरी आईच्या मागे लपायची. चर्चमध्ये गाताना मात्र तिचे शब्द सरळ यायचे. पुढे ती गॅरेजमध्ये रॅप करू लागली, तेव्हा तो शब्दांचा धबधबा ऐकून मी हातातलं काम थांबवायचे. "एक तर गा, नाहीतर रॅप कर," असं तिला गाण्यांचे अल्बम काढणाऱ्या एका कंपनीने बजावलं. तिने दोन्ही केलं, वर्षानुवर्षं, छोट्या छोट्या क्लबांमधून.

परवा तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. डेलोरिसने मला शेजारी बसवलं होतं. दोन गाण्यांच्या मध्ये रेनी आमच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ही माझी आ... आ..."

शब्द अडकला. तिने मान खाली घातली नाही, की पटकन गाणंही सुरू केलं नाही. ती थांबली. आपण एरवी दुसऱ्याचं वाक्य किती घाईने पुरं करून टाकतो. माझेही ओठ हलले, तशी डेलोरिसने माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब," ती हळूच म्हणाली. "तिचं तिला म्हणू दे."

"आई," रेनी म्हणाली.

डेलोरिस उठून ताठ उभी राहिली, आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली बसली नाही.