वना मिस्त्री आणि राजदूतचा बोल्ट

पारोळ्यात धुळ्याच्या रस्त्याला वना मिस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढे कडुनिंब, आणि त्याखाली कायम पाच-सहा जुन्या गाड्या उभ्या. नव्या गाड्यांचे मिस्त्री गावात पुष्कळ झालेत. ते कॉम्प्युटर लावतात, पार्ट बदलतात आणि हात पुसून मोकळे होतात. वनाच्या मते ही दुकानदारी झाली, मिस्त्रीकी नव्हे. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस चाळीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आला होता, "मना हातखाल बोल्ट बिघडत नही." ऐकणारे कंटाळत, पण खोटं आहे असं कुणी म्हणत नसे, कारण ते बहुतेक खरंच होतं.

भाद्रपदात भिकमचंद शेठचा नातू मनन एक राजदूत मोटारसायकल टेम्पोत घालून घेऊन आला. शेठचं वय चौऱ्याऐंशी. पन्नाशीत याच गाडीवर त्यांनी खेडोपाडी फिरून कापूस आणि भुईमूग खरेदी केला होता. गाडी चालवायचा प्रेमराज, मागे बसायचे शेठ. वीस वर्षं गोदामात पडून गाडीचा सांगाडा झाला होता. मननला ती दसऱ्याला दुकानासमोर उभी करून आजोबांच्या हातून पूजा करवायची होती.

"सगळं ओरिजिनल पाहिजे, वनाभाऊ," मनन म्हणाला. "बोल्टसुद्धा बदलायचा नाही."

वनाला हे फार आवडलं. बरोबरीचे लोक नातवंडं खेळवत होते आणि याला कुणीतरी पुन्हा हुन्नर दाखवायला सांगत होतं. त्यानं इंजिन उतरवलं, पिस्टन बसवला, टाकीला मूळचा रंग मिळवायला धुळ्याच्या तीन खेपा केल्या. बायको कोकिळा म्हणाली, इतकं लक्ष पोरीच्या लग्नात घातलं असतं तर मांडव पडला नसता. तो हसला. बऱ्याच वर्षांनी तो कामावरून हसत घरी येत होता.

त्रास दिला तो एकाच बोल्टनं. मागच्या ब्रेकच्या प्लेटला एक लोखंडी पट्टी असते आणि तिचं दुसरं टोक फ्रेमला बोल्टनं जखडलेलं असतं. ब्रेक दाबला की प्लेटनं चाकाबरोबर फिरू नये, एवढंच त्या पट्टीचं काम. हा बोल्ट गंजून फ्रेमशी एकजीव झाला होता. तीन दिवस रॉकेल पाजलं, गॅसनं तापवलं, हातोडीनं ठोकलं, तेव्हा कुठे तो कुरकुरत बाहेर आला. दुसरा कुणी असता तर कापून फेकला असता. वनानं तो तारेच्या ब्रशनं घासला, तेल लावून कागदात गुंडाळला आणि जपून ठेवला.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी तोच बोल्ट तेवढा बसवायचा राहिला होता. मनन मोबाइल घेऊन आला. शेवटचा बोल्ट कसतानाचा व्हिडिओ काढून त्याला टाकायचा होता. वनानं बोल्ट बोटांनी फिरवला. तीन आटे सरळ गेला आणि अडला. असा अडला की काय करायचं हे वना झोपेतही सांगू शकला असता. बोल्ट उलटा काढायचा, भोकातली घाण साफ करायची, टॅप फिरवून आटे मोकळे करायचे आणि पुन्हा हलक्या हातानं सुरुवात करायची. अर्ध्या तासाचं काम. पण समोर मोबाइल चालू होता आणि मनन म्हणत होता, "बघा मंडळी, हा आहे चाळीस वर्षांचा हात."

चाळीस वर्षांच्या हातानं पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. बोल्ट फिरला, डोकं पट्टीला टेकलं, मनननं टाळी वाजवली. फक्त वनाच्या तळहाताला कळलं की आत काहीतरी सुटलं. बोल्ट जबरदस्तीनं घुसून फ्रेममधले आटे खाऊन बसला होता. मनन गेल्यावर त्यानं पाना लावून पाहिला. बोल्ट नुसताच गोल गोल फिरला.

इलाज होता. धुळ्याच्या लेथवाल्याकडे फ्रेम न्यायची, भोक मोठं करून आतून नव्या आट्यांचा बुश बसवायचा. पण त्यासाठी रंगवलेली, सजवलेली गाडी परत खोलावी लागणार होती, दसरा हुकणार होता, आणि मुख्य म्हणजे मननला सांगावं लागणार होतं की आटे माझ्याच हातानं गेले. व्हिडिओ एव्हाना अर्ध्या गावानं पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वनानं पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर असं सगळं सामान धुऊन लाल कापडावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. यंदा त्यानं पूजा जरा जास्तच मन लावून केली. मननला फोन केला. "मननशेठ, ब्रेकचं थोडं काम राहिलंय. पण हत्यारं पूजेत बसली. आता दसऱ्यानंतरच हात लावता येईल. पूजेपुरती न्या."

"हरकत नाही, वनाभाऊ. देवाचं आधी," मनन म्हणाला.

चालवू नका, असं काही वनानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, असं विचारलं गेलं असतं.

दसऱ्याला सकाळी गाडी न्यायला प्रेमराज आला. शेठकडे पस्तीस वर्षं ड्रायव्हर, आणि वनाचा शाळेपासूनचा सोबती. नवा पांढरा शर्ट, टोपी, कपाळाला गंध. राजदूतच्या टाकीवरून त्यानं हात फिरवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वना लाल कापडाकडे पाहत उभा होता. पाच पावलांवर पाना होता. बोल्ट तारेनं बांधून ठेवायचा म्हटलं तरी जमलं असतं. निदान ढकलत ने, एवढं तरी म्हणता आलं असतं.

"बिरेक जपीसन मार," एवढंच तो म्हणाला.

"माले शिकाडस का?" प्रेमराज हसला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

बसस्टँडच्या वळणावर हार घातलेला एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा आला. प्रेमराजनं ब्रेक दाबला. बोल्ट निखळला, पट्टी सुटली, प्लेट चाकाबरोबर फिरली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी आडवी पडून घसरत गेली आणि प्रेमराजचा उजवा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली आला. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, पण घोटा कायमचा ताठ झाला. ड्रायव्हरकी संपली. शेठनं त्याला गोदामाच्या दारात खुर्ची दिली. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचं, एवढंच काम.

वनाला वाटलं होतं लोक अंगावर येतील. झालं उलटंच. शेठच सगळ्यांना सांगू लागले, वनानं आधीच कळवलं होतं, काम बाकी आहे म्हणून, हत्यारं पूजेत होती, तो बिचारा काय करणार. वीस वर्षं पडलेलं लोखंड, कधीतरी दगा देणारच. गावानं हे उचलून धरलं. धंद्यापेक्षा देवाला मोठं मानणारा मिस्त्री आजकाल मिळतो कुठे, असं पानटपरीवर बोललं जाऊ लागलं. देवीच्या मंदिरात त्याला आरतीला पुढे उभं केलं. कोकिळा शेजारणींना अभिमानानं सांगे, आमच्याकडे नवमीला पान्याला बोट लागत नाही. गिऱ्हाईक वाढलं. राजदूत परत आली तेव्हा वनानं ती लेथवाल्याकडे नेली. त्यानं तासाभरात बुश बसवून दिला. तो तास वनाच्या डोक्यातून जाईना. पुढे पुढे त्याला लोकांचीच चीड येऊ लागली. कुणीतरी विचारावं, मिस्त्री, बोल्ट नीट कसला होता का? कुणीच विचारत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तो प्रेमराजच्या घरी गेला. प्रेमराज खाटेवर पाय उशीवर ठेवून बसला होता. त्याची बायको भागाबाई चहा टाकायला आत गेली. वना खाटेच्या कडेला बसला आणि खाली बघत त्यानं सगळं बोलून टाकलं. आटे त्याच्या हातानं गेले, त्याला माहीत होतं, देव मध्ये घातला तो लाज लपवायला. सांगताना त्याला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटायला लागलं होतं.

प्रेमराजनं सगळं ऐकून घेतलं.

"माले म्हाईत शे," तो म्हणाला.

वनानं वर पाहिलं.

"दोन साल पहिले खंडेनवमीलेच शेठनी जीप बंद पडनी व्हती. मीच ती जीप लई उनथू तुनाकडे. तू पूजामाधला पाना उचला, हात जोडा नि काम करं. तवय देव आडा उना नही. औंदा कसा उना, ते मी दवाखानामाच समजी गयथू."

"मंग बोलना का नही?"

प्रेमराजनं पायाखालची उशी सरकवली. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"मी आजच शेठले सांगस," वना म्हणाला. "बठ्ठासले सांगस."

"नको." प्रेमराजचा आवाज चढला नाही. "तू सांगीसन मोकळा व्हशी. लोके म्हणतीन, वना केवढा मोठा मनना माणूस. मना पाय तसाच ऱ्हाई. तुनी चूक तुनाजोडेच ऱ्हाऊ दे. कोणले सांगू नको. माले तुनाकडथून तेवढंच पाहिजे."

भागाबाई चहा घेऊन आली. "पूजेमुळे तुमचा नाइलाज झाला, भाऊ," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका." प्रेमराज बशीत चहा ओतत होता. त्यानं मान वर केली नाही. वना चहा संपवून उठला.

दुसऱ्या दिवशी अमळनेरचा एक माणूस जुनी येझदी घेऊन गॅरेजवर आला. वीस-बावीस किलोमीटर उगाच आलो नाही, तुमचं नाव ऐकून आलो, म्हणाला. देवाला मानणारा मिस्त्री, आमच्याकडे सगळे सांगतात. वनानं बोलायला तोंड उघडलं. तो माणूस हात जोडून उभा होता.

"गाडी सावलीत लावा," वना म्हणाला.