इतोहानची गुंतवळ

इतोहान माझ्या स्वयंपाकघरात केस जाळायची. रोज सकाळी कंगव्यातली गुंतवळ चिमटीत धरायची, गॅस पेटवायचा आणि शेवटचा केस जळेपर्यंत तिथंच उभं राहायचं. मी खेकसायची, "अगं भवाने, इथं माणसं जेवतात! सगळ्या रश्श्याला वास लागला." ती म्हणायची, "झालंच आंटी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सिसिलीतल्या डोंगरावरच्या गावात आमचं हे घर. दाराला पाटी नाही. फसवून, विकून इथं आणलेल्या बायकांना सरकार आसरा देतंय की नाही, हे ठरेपर्यंत इथं लपवून ठेवतात. मी इथली स्वयंपाकीण, मूळची समुद्रापलीकडच्या बेनिन सिटीची. त्यामुळे आमच्याकडच्या पोरी जेवणापेक्षा माझी बोलणीच जास्त खातात.

इतोहानही तिकडचीच, शिवणकाम शिकत होती. फॉस्टिना नावाच्या मॅडमनं इटलीत शिलाईचं काम देते म्हणून सांगितलं. निघण्याआधी तिला देवीच्या ठाण्यावर नेलं. तिचे केस कापून घेतले, नखं घेतली, कोंबडा कापला आणि शपथ घ्यायला लावली. "मॅडमचं नाव कुणापुढं काढलं तर मला वेड लागो, माझ्या आईचा जीव जावो." केस ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणूस, असं आमच्याकडे मानतात. इथं कसली शिलाई! कातानिया शहराच्या बाहेर हमरस्त्यावर उभी केली पोरीला. एक दिवस संधी साधून पळाली, ती आमच्याकडे आली.

बुधवारी तिला सरकारी मंडळापुढं जायचं होतं. घर चालवणारी आमची मारिलेना तिला परोपरीनं सांगत होती, "खरं सांगितलंस तर इथं राहता येईल. मॅडमनं पढवलेली गोष्ट सांगशील, तर ती त्यांना पाठ झालीय गं. परत पाठवतील." परत म्हणजे पुन्हा मॅडमच्याच हातात. इतोहान सगळ्याला मान डोलवायची. मॅडमचं नाव विचारलं की दातखीळ बसायची.

रविवारी तिच्या आईचा फोन आला. पोरीनं तिला आधीच सगळं कळवलं होतं. मी शेजारीच कांदे चिरत होते. आई आनंदानं नुसती ओसंडून वाहत होती. "आज चर्चमध्ये देवाचे आभार मानले गं! डोक्यावर सुरण, काखेत कोंबडा, नाचत नाचत वेदीपर्यंत गेले. माईकवर साक्ष दिली, माझी लेक सुटली! डोंगरावर, मातीची भांडी करतात त्या गावात आहे, मोठ्या चर्चच्या मागच्या घरात. बुधवारी सरकारसमोर उभी राहणार! अख्खं चर्च नाचलं!"

इतोहानच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, मॅडमची बहीण होती तिथं?"

"होती की. तीच तर सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाली."

आता या माउलीला काय बोलावं? आमच्याकडे देवानं दिलेलं चारचौघांत सांगितलं नाही, तर देव ते काढून घेतो म्हणतात. तिच्या जागी मी असते तर मीही नाचले असते. पण मी फोन हिसकावून म्हटलं, "बाई, आत्ताच्या आत्ता भावाच्या गावी, उरोमीला निघा. कुणाला सांगू नका. पास्टरलासुद्धा नाही!"

मारिलेनानं पोलिसांना कळवलं. बुधवारी मंडळापुढून इतोहानला परस्पर दुसऱ्या घरी हलवायचं ठरलं. तोवर पोरींपैकी कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मंगळवारी दुपारी मारिलेना बाहेर गेलेली असताना बेल वाजली. मी दाराच्या भोकातून पाहिलं. डोक्याला झकपक फडकं बांधलेली एक जाडजूड बाई, हातात जेवणाचा डबा, तोंडभर हसू. आमच्याच भाषेत म्हणाली, "ताई, चर्चमधून आलेय. इतोहानसाठी जेवण आणलंय."

"इथं त्या नावाचं कुणी नाही."

"असू दे. ठेवून जाते. तिला म्हणावं, आईला जप."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दार उघडलं नाही. डबा आत घेऊन मारिलेनाला फोन लावला. "हात लावू नकोस, पोलीस येतायत," ती म्हणाली. पण आवाज ऐकून इतोहान खाली आली होती आणि डबा उघडून बसली होती. आत लाल कापड. कापडात कवड्या बांधलेली केसांची लांब बट.

"माझे आहेत," एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली. "जाळा आंटी, जाळा ना!"

माझी तरी कुठं छाती होत होती! चिमट्यानं त्यातले चार केस ओढले. पोलिसांना उरलेले पुरे. गॅसवर धरले. केस जळल्याचा वास मला या पोरीनं चांगला पाठ करून दिला होता. तो आलाच नाही. प्लास्टिकची बादली वितळल्यासारखा वास सुटला, केस आखडले आणि बर्नरवर काळा थेंब पडला.

"अगं, हे दुकानातले! वेणीत घालायचे नकली केस!"

इतोहान उठली. वाकून वास घेतला. मग म्हणाली, "माझे त्यांच्याकडे असते, तर हे कशाला पाठवले असते?"

तिनं ओट्याला घट्ट धरलं आणि म्हणाली, "फॉस्टिना."

आम्ही दोघी थांबलो. खोटं कशाला बोलू, मी तिच्या डोळ्यांत वेड शोधत होते. मग तिनं आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजतच राहिली. दोघींचे जीव टांगणीला! शेवटी आई म्हणाली, "काय गं? मामाकडे जेवतेय."

इतोहान फोन छातीशी धरून ढसाढसा रडली.

बुधवारी मी मंडळाच्या दाराबाहेर बाकावर बसून होते. बाहेर आली तेव्हा चेहरा राखेसारखा होता. "सगळं सांगितलं. नावसुद्धा." मिठी मारायलाही धड वेळ मिळाला नाही. कुठं नेलं, मला सांगितलं नाही, आणि तेच बरं. पुढं मारिलेनानं कानात सांगितलं, "इथं राहायचे कागद मिळाले तिला."

त्या बुधवारी स्वयंपाकघरात परतले तर ओट्यावर तिचा कंगवा. त्यात सकाळची गुंतवळ तशीच. पोरीनं जाळलीच नव्हती.

मी हातात घेऊन उभी राहिले. माझेही केस त्याच ठाण्यावर आहेत. मी कापून दिले, तेव्हा ही पोर जन्मलीही नव्हती. माझ्या घरी मी अजूनही रोज माझी गुंतवळ जाळते, खिडक्या लावून. पोरींना ओरडते ती मी!

तिची कचऱ्यात टाकायला गेले. हात पुढं होईना. खिडकीतून आधी रस्ता पाहिला, मग गॅस पेटवला.