एकट्याचा डाव धरायचा नाही

परभणीत गोल्फ म्हटलं की लोक हसतात. हसा खुशाल. पिंगळीजवळच्या पडीक रानात आम्ही चौघं रिटायर म्हातारे पाच खळग्यांचा गोल्फ खेळतो, आणि फटक्यांची वही माझ्याकडे असते, कारण मी मास्तर. हिरवळ कुठून आणणार? खळग्याभोवती जळकं ऑइल मिसळलेली रेती टाकलीय. आपलं झालं की पावलांचे ठसे पोतं ओढून पुसायचे, एवढीच शिस्त.

ज्याचा हात कच्चा त्याला जास्त फटके माफ, हा झाला हँडिकॅप. इतकी वर्षं तो आकडा तोंडीच ठरायचा. यंदा मी नियम बदलून वहीत लिहिला. आकडा वहीतल्या डावांवरून काढायचा, आणि एकट्यानं खेळलेला डाव धरायचा नाही. आमच्यातले मानवतचे कापूसवाले खूश झाले. "वजनाचा काटा चारचौघांसमोरच लागला पाहिजे," म्हणाले. कंपाउंडर वैतागला, "आपण काय ऑलिंपिकला जायलोत का?" गार्डसाहेब मात्र पोतं ओढत राहिले. रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस. आम्हाला खेळ शिकवला तो त्यांनीच. बायको होती तोवर ती सोबत यायची, चपला कडेला काढून खळग्यापाशी झेंडी धरून उभी राहायची. ती गेली, तेव्हापासून ते भर दुपारी एकटेच खेळत.

आठवड्यानं ते माझ्याकडे आले. "सर, लिहा. बावीसच फटके. आजवर इतका चांगला डाव झाला न्हाई."

"सोबत कोण होतं?"

"घरची होती की."

मला भीती वाटली की आवाज चढतो. "गार्डसाहेब, शुद्धीवर आहात ना?"

"तीच मोजती, सर. लय कडक हाय. एक फटका सोडत न्हाई."

बावीस मी लिहिले नाहीत. बाराच्या उन्हात रानात जाऊ नये म्हणतात, तरी दुसऱ्या दिवशी गेलो. खोटं पकडायला, दुसरं काय! ते शेवटच्या खळग्यावर पोतं उचलतच होते. "थांबा!" मी ओरडलो. रेतीत त्यांच्या बुटांचे ठसे होते. आणि झेंडीपाशी दोन लहान, अनवाणी पावलं, बोटं खळग्याकडे. येतानाची पावलं नव्हती. जातानाचीही नव्हती.

"वेचणीला आलेली एखादी बाई असेल," मी मोठ्यानं म्हणालो. कुणाला सांगत होतो कोण जाणे. गार्डसाहेबांनी पोतं ओढलं, पण त्या दोन पावलांना वळसा घालून.

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड! "उद्यापासून मी येतो साक्षीला," म्हणालो.

गेलो, आणि झेंडी मीच धरली. "तितं नका उभं राहू, सर," ते म्हणाले.

"मग कुठं उभा राहू?"

त्यांनी चेंडू मांडला. दर फटक्यानंतर मागं वळून पाहत राहिले. चौतीस फटके लागले. पुढचे तीन दिवस तसेच गेले, रेतीत फक्त आम्हा दोघांचे बूट. पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. पंधरा दिवस आले नाहीत.

शेवटी वही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्यादेखत नियम खोडला, बावीस लिहिले. "चुकलं माझं. जा, खुशाल एकटे खेळा," म्हणालो.

त्यांनी खोडलेली ओळ नीट वाचली.

"बरं केलं, सर," ते म्हणाले. "पण आता तिला कोण सांगणार?"