दुसऱ्याच्या डोळ्यासाठी माशी

नवशा उडतं पाखरू बाणानं पाडायचा, हे बेटेगावापासून वाणगावपर्यंतच्या पाड्यांना ठाऊक होतं. तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं तसा तोही इतरांसारखा खडी फोडायला गेला. एका सकाळी दगडाची कपची उडाली आणि त्याचा उजवा डोळा घेऊन गेली. डावा राहिला, पण दिवस कलला की त्यालाही धुरकट दिसायचं.

मग त्याची बायको सोमी कामावर जाऊ लागली आणि नवशा घरात अडकला. झोपडी, ओटा, समोर पिकत आलेलं भात. संध्याकाळी रानडुकरं यायची, भात तुडवून जायची. तो ओट्यावरून ओरडायचा. डुकरं आता त्याच्या ओरडण्याला भीत नव्हती. धनुष्य आढ्याला टांगलेलं होतं. नेम ज्या डोळ्याचा होता तो डोळाच नव्हता.

बांधकामावरचा साताऱ्याकडचा सुतार खंडेराव रविवारी ताडीसाठी पाड्यावर यायचा. त्याला हे बघवेना. त्यानं सागाचा दांडा तासला, त्यावर धनुष्य आडवं बसवलं आणि खाली बंदुकीसारखा चाप लावला.

"पायानं दाबून दोरी अडकवायची, डाव्या खांद्याला लावायचं," तो म्हणाला. "आता नेमाचं बघ. बंदुकीला पुढं माशी असते, तसं काहीतरी पायजे."

त्यानं दोन वस्तू पुढं ठेवल्या. एक होता लोखंडी खिळा, पुढच्या टोकाला ठोकायचा. दुसरी भंगारात सापडलेली पितळी नळी. नवशानं नळी डोळ्याला लावली. पलीकडचं ताडाचं झाड एकदम स्पष्ट, एकटं उभं राहिलं. बाकीचं जग पुसून गेलं.

"हीच बसव," तो म्हणाला.

चार दिवसांनी, सूर्य बुडाल्यावर, भातात काहीतरी काळं, वाकलेलं हललं. नवशानं नळीतून पाहिलं. काळोख्या विहिरीच्या तळाशी पाहावं तसं दिसत होतं. वर काय, बाजूला काय, कळत नव्हतं. त्यानं चाप ओढला.

"अगं आये!" सोमीचा आवाज आला.

कामावरून येताना तिनं बांधाची वाट सोडून शेतातून जवळची वाट धरली होती. पाठीवर लाकडांचा भारा होता, म्हणून वाकून चालत होती. बाण भाऱ्यात रुतला होता. नवशा धावत गेला, बांधावर आपटला, रांगत तिच्यापर्यंत पोचला. तिची पाठ, मान, हात चाचपत राहिला.

"लागला नाय," सोमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवशानं दगडानं नळी उखडून फेकली. आडवं धनुष्य तो चुलीत घालणार, तोच सोमीनं ते धरलं.

"माझे दोन डोळे हायेत."

"बाई माणूस बाण मारणार?"

"डुकरांना काय कळतंय कोण मारतो ते?"

पाड्यावर कुणी बाईनं धनुष्य धरलेलं नवशानं आजवर पाहिलं नव्हतं. तरी तो घरामागं गेला, वाळका भोपळा टांगला. दांड्याच्या टोकाला खिळा ठोकला. सोमीला तो फार बारीक दिसला. तिची नजर त्यावरून घसरायची. मग त्यानं तारेचं कडं वळवून लावलं. कडं मोठं झालं, त्यानं वळवून लहान केलं. "आता भोपळा कुठं दिसतो?" तो विचारत राहिला. आपल्याला जे दिसत नाही ते तिच्याकडून ऐकून तो तार वाकवत होता.

आठवड्याभरात डुक्कर पडलं. नवशा तिच्या मागं उभा होता. त्याला फक्त दोरीचा आवाज आला आणि मग भातातली धडपड.

पाडा जमला. वाटे झाले. म्हाताऱ्या सुकानं मारणाऱ्याचा वाटा नवशापुढं ठेवला. "नेम तो नेमच रे तुझा! परवा डोंगरावर हाका घालून डुकरं उठवू, तेव्हा पुढं तूच बसायचं."

नवशानं तोंड उघडलं. सोमीनं त्याचा पाय दाबला. सगळे हसत होते, पाठ थोपटत होते, आणि त्याला वाटलं, ओट्यावर बसून होतो तेव्हाही इतका कोंडलो नव्हतो.

"सुकादादा," तो म्हणाला, "मी नाय मारला. हिनं मारला."

हसणं थांबलं. सुकानं सोमीकडं पाहिलं, मग नवशाकडं, आणि उठला. एकेक करून बाकीचेही उठले.

हाक्याच्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नाही. डोंगरावरून आरडाओरडा येत होता. तो कुठून कुठं सरकतोय ते नवशा कान देऊन ऐकत बसला. सोमी कामावरून आली तेव्हा सगळं शांत झालं होतं.

"आले होते कोण?"

"नाय."

ती त्याच्याजवळ ओट्यावर बसली. मग भाताच्या कडेला सळसळ झाली, आणि दोघंही एकदमच उठली.