दवावरून आलेला माग

गोंडपिपरीकडच्या त्या गावात हवालदार खुशाल दुर्गे सकाळी अंगणात येऊन खाकरले की शेजारच्या चार घरांत चुली पेटायच्या. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, पण चाल तीच. छाती पुढे, हनुवटी वर, जणू समोर अख्खं मैदान सलामीला उभं आहे. एवढ्या रुबाबाखाली त्यांनी एक गोष्ट दडवून ठेवली होती. त्यांना आपले पाय कळत नव्हते.

साखरेचा आजार जुना होता. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग आग झाली, मग काहीच नाही. चप्पल निसटून मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे. दवाखान्याच्या गोळ्या नेमाने घ्यायचे, पण डॉक्टरांनी पायांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकदम ठीक." त्यांच्या पलटणीतल्या एकाचा पाय साखरेपायी गुडघ्याखालून कापला होता. खरं सांगितलं की करवत निघते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि एक आशाही होती. तरुणपणी लडाखच्या बर्फात त्यांचे पाय असेच बधिर झाले होते. तेव्हा सोबतच्या राजुऱ्याच्या वामनराव निमगडेने आपला कोट उघडून ते पाय स्वतःच्या उघड्या पोटाशी धरले. जीव परत आला, आणि आला तो अशी कळ घेऊन की खुशाल दुर्गे लहान पोरासारखे रडले. एकदा परतलेला जीव पुन्हाही परतेल, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणून जुन्या सोबत्यांच्या फोनवरच्या ग्रुपात कोणीतरी 'सकाळी दवावर अनवाणी चाला, नसा जाग्या होतात' असं टाकलं, तेव्हा त्यांनी ते हुकमासारखं उचललं.

गावामागे एक बोडी आहे, लहानसं तळं. तिच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतातून ते रोज अनवाणी फिरू लागले. नसा काही जाग्या झाल्या नाहीत. तरी ते ग्रुपवर आवाज भरून पाठवायचे, "गार लागून राह्यलं भाऊ. जीव येऊन राह्यला." बायकोलाही तेच सांगायचे. रोज तेच वाक्य मोठ्याने म्हटलं की म्हणणाऱ्याचाच त्यावर विश्वास बसायला लागतो. वामनरावालाही साखर होती. त्याने ते ऐकून तिकडे राजुऱ्यात चप्पल सोडली.

त्या सकाळी थंडी कडक होती. आठवड्यापूर्वी बिबट्याने शाळेमागून एक कुत्रा उचलून नेला होता. सूर्य वर आल्याशिवाय पाळीवर जायचं नाही, अशी ताकीद मनकर्णाबाईंनी नवऱ्याला दिली होती. म्हणून खुशालराव उन्हं आल्यावर गेले आणि चपला हातात घेऊन परतले. अंगणातून सरळ मागच्या वाडीत गेले, शेळ्यांना पाला टाकला, परत येऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसले. चहा आला नाही.

"मनकर्णा," त्यांनी हाक दिली.

घर गप्प होतं. चुलीवर भांडं होतं, जाळ विझत आला होता. मनकर्णा जाळ असा सोडून जाणारी बाई नव्हे. ते उठले, आणि तेव्हा त्यांना ओसरीच्या पायरीवर रक्त दिसलं.

ताजं होतं, ओलं. पुढे अंगणाच्या सारवणावर आणखी एक डाग, त्यापुढे आणखी एक. डाग वाडीकडे गेले होते, आणि सकाळी वाडीत शेळ्यांकडे जायची ती मनकर्णाच. त्यांनी काठी घेतली. डोकं गेलं तरी फौजेने शिकवलेली नजर जात नाही. ते वाकून माग वाचू लागले. रक्त एकाच बाजूला होतं, उजव्या. ओढत नेल्याची खूण नव्हती. जे कोणी होतं ते चालत गेलं होतं, न लंगडता.

"मनकर्णा, कुठी आहेस?"

माग शेळ्यांपाशी गेला होता. शेळ्या मात्र निवांत पाला चघळत होत्या. बिबट आत असतं तर त्या अशा उभ्या राहिल्या असत्या का? त्यांनी कुंपण पाहिलं, वैरणीमागे काठी घातली. काही नाही. मग ते घराकडे वळले, आणि जागीच थांबले.

आत्ता ज्या जागेवरून ते आले, तिथे नवे डाग होते. कुंपणाजवळ मघाशी जमीन कोरी होती, त्यांनी स्वतः पाहिली होती. तिथे आता लाल ओल चमकत होती. वैरणीपाशीही. म्हणजे जे होतं ते त्यांच्या पाठीमागून चालत होतं, आवाज न करता, ते थांबले की थांबत होतं. त्यांनी पाठ भिंतीला लावली. बर्फात, गोळीबारात, इतकं भेव त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पाण्याची गुंडी कमरेवर घेऊन मनकर्णाबाई वाडीच्या फाटकातून आत आल्या. नळ आला म्हणून धावत गेल्या होत्या, एवढंच.

"भिताडाले काऊन चिपकले? चोर आहे का घरात?"

"तिथीच थांब. जनावर आहे इथी. रक्त पाह्य."

त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हळूच गुंडी खाली ठेवली.

"हालू नोका. पाय उचला."

"कोनता?"

"उजवा. ते रक्त तुमचंच व्हय."

त्यांनी नवऱ्याला ओट्यावर बसवून पाय मांडीवर घेतला. टाचेत फुटक्या बाटलीची काच रुतून उभी होती. पाळीवर पिणारे लोक काय टाकून जातात ते गवतात दिसत नाही.

"दुखून राह्यलं का?"

खुशालराव काचेकडे बघत राहिले. गावात पूर्वी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, दंडारीचं नाटक व्हायचं. ते राजा झाले होते त्या वर्षी फळीचा खिळा असाच टाचेत घुसला होता. अख्खा प्रवेश त्या दुखण्यावर उभं राहून त्यांनी म्हटला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो खिळा आता त्यांना सोन्याचा वाटला.

"नाई," ते म्हणाले.

"मंग दव गार लागते म्हनत होते ते?"

"तुले भेव वाटू नये म्हनून सांगलो."

"आता नाई वाटून राह्यलं का?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून काचेच्या भोवतीने बांधू लागल्या.

शेजाऱ्याच्या ऑटोतून ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काच काढली, जखम धुतली, सुई दिली. मग बोथट टोकाने तळवा ठिकठिकाणी दाबत विचारलं, इथे कळतं का, इथे? या खेपेला खुशालरावांनी खरी उत्तरं दिली. करवत निघाली नाही.

"चालणं चांगलंच आहे, पण बूट घालून," डॉक्टर म्हणाले. "ज्या पायाला कळत नाही तो उघडा सोडायचा नाही. जखम कशी भरते ते बघू. आत्ताच वचन देत नाही."

बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या खुशालराव एकदम ताठ झाले. "वामन," असं पुटपुटत त्यांनी फोन लावला. घंटी खूप वेळ वाजत राहिली.

"बोला हवालदार साहेब," पलीकडून आवाज आला. "घरामागच्या गवतावरच आहो. तुमच्यापक्षा जास्त चाललो आज."

"वामन, चप्पल घाल."

"काऊन? तुमीच तं—"

"मी खोटं बोललो. मले काईच लागत नोव्हतं. बस खाली आन पाय उलटे करून पाह्य. दोन्ही."

पलीकडे वामनराव धापा टाकत जमिनीवर बसल्याचं ऐकू आलं. खुशालरावांनी फोन कानाशी दाबून धरला. मनकर्णाबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला.

"वामन? पायाले आहे का काई?"

"थांब ना बाप्पा," वामनराव म्हणाला, पण आवाजातला चेष्टेचा सूर गेला होता. "चष्मा घरी राह्यला. पोरीले आवाज देतो."