विंड टनेलसमोरची कपाटं

आमच्या कॉलेजात मी नक्की कोण आहे, हे मला अजून धड सांगता येत नाही. नेमणूक यांत्रिकी आणि एरोस्पेस विभागात आहे. पदव्युत्तर शिक्षण एरोस्पेसचं आहे. पण गेटवरच्या वॉचमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला 'जपानी मॅडम' म्हणतात. मी येते चिखलीहून, दुचाकीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरांमधून वाट काढता काढता रोज अर्धा जीव जातो. जपानला मी एकदाही गेलेली नाही.

ही भाषा मी शिकले ती वडिलांमुळे. ते लातूरहून इकडे आले आणि भोसरीतल्या एका कंपनीत लेथवर उभे राहून रिटायर झाले. मी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा म्हणाले, "इंजिनिअर तं आता घरोघरी हायेत. त्याच्यासंगं एखादी भाषा धर." मग विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात शनिवार-रविवारचे वर्ग सुरू केले. इकडे आठवडाभर द्रवगतिकीची गणितं आणि तिकडे दोन दिवस चित्रलिपी गिरवायची, अशी कितीतरी वर्षं काढली. दोन्ही मला मनापासून आवडायचं. माझा राग भाषेवर नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा.

नोकरीच्या मुलाखतीत मला एरोस्पेसचा एकही प्रश्न विचारला नाही. बायोडेटाच्या तळाशी 'जपानी भाषा' असं एका ओळीत होतं, तिथे सगळ्यांची बोटं थांबली. "अरे वा! बोलून दाखवा ना काहीतरी." मी बोलले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण आवडलं. आजूबाजूला जपानी कंपन्या, मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न, तेव्हा सगळ्या शाखांना जपानी सक्तीचं केलं आणि ते माझ्या गळ्यात आलं. तेव्हापासून मी मुलांना वाकून नमस्कार करायला आणि 'माझं नाव अमुक, मला यंत्रं आवडतात' हे म्हणायला शिकवते आहे. निम्म्यांना यंत्रं आवडत नाहीत, पण ते वाक्य सगळ्यांचं पाठ आहे.

मला शिकवायचं होतं एरोडायनॅमिक्स. हवेतून जाणाऱ्या वस्तूवर हवा काय काय करते, त्याचा विषय. तो होता थर्मलवाल्या सरांकडे. भला माणूस. त्यांचं शिक्षण बॉयलरचं, विषय विमानाच्या पंखाचा. ते पुस्तकातलं पान फळ्यावर उतरवायचे आणि मुलं फळ्यावरचं वहीत. दर सत्राला विषयवाटप निघालं की मी विभागप्रमुखांकडे जायची. दर सत्राला ते म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की." असं ते भिजत घोंगडं पडलेलं होतं.

त्यात आमचं विंड टनेल. हे एक लांबलचक यंत्र असतं. एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखं रुंद तोंड. पंखा हवा ओढतो, ती तोंडातून आत शिरते आणि मधल्या काचेच्या भागात टांगलेल्या विमानाच्या छोट्या पंखावरून वाहते. मग त्या पंखावर किती जोर येतो ते मोजायचं. अट एकच, तोंडासमोर मोकळी जागा हवी, म्हणजे हवा सरळ आत येते. आमच्याकडे तोंडासमोर हातभर अंतरावर लोखंडी कपाटांची रांग होती, अर्धं तोंड झाकणारी. कपाटांत तपासणी समितीसाठी जपलेल्या फायली होत्या. हवा बिचारी कपाटांवरून उडी मारून, खाली झुकत, वाकडी आत शिरायची. वरून-खालून सारखाच असलेला पंख अगदी सपाट धरला तर त्यावर उचल शून्य यायला हवी. आमच्याकडे तो खाली दाबला जायचा. त्या हिशेबाने बघितलं तर आकाशात सरळ चाललेलं प्रत्येक विमान जमिनीत घुसायला हवं होतं.

मुलांना याचं काही वाटत नसे. ती मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. मागच्या वर्षीच्यांनी त्याच्या मागच्या वर्षीच्यांचं उतरवलेलं असायचं. पहिलं रीडिंग कुणी आणि कुठल्या टनेलवर घेतलं, देव जाणे. मी हे विभागप्रमुखांना पोटतिडकीने सांगितलं. कपाटं हलवा, एवढंच मागणं. ते म्हणाले, "मॅडम, त्या फायलींना हात लावायचा नाही. आणि तुम्ही भाषेचं बघा ना." पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त या वेळी चहा मागवला.

मग जपानच्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला आणि तिकडचे एक निवृत्त तंत्रज्ञ आठवडाभरासाठी यायचं ठरलं. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पाहुण्यांना इंग्रजी जेमतेम येतं. सगळं तुमच्यावर आहे. ही भेट नीट पार पाडा, पुढच्या सत्रात एरोडायनॅमिक्स तुमचा. शब्द देतो." त्या दिवशी घरी जाताना कंटेनरवाल्यांचा हॉर्नसुद्धा मला गोड वाटला.

पाहुणे आले. ठेंगणे, शांत, खिशात घडीचा रुमाल. दुभाष्याचं काम किती डोकं उठवणारं असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. विभागप्रमुख कॉलेजच्या उज्ज्वल वाटचालीवर भरभरून बोलायचे, मी ते एका वाक्यात सांगायची, आणि ते संशयाने बघायचे, "एवढंच?" पाहुणे एक शब्द बोलले की लगेच, "काय म्हणतात सर? काय म्हणतात?" दिवसभर हेच. मी दारासारखी मधे उभी. माझ्यातून सगळे आरपार जात होते आणि दाराला काय वाटतं हे विचारायची पद्धत नसते.

तिसऱ्या दिवशी आम्ही विंड टनेलच्या खोलीत गेलो. विभागप्रमुख, थर्मलवाले सर, पाहुणे, मी, आणि कोपऱ्यात लॅबचे मामा. मामा मावळातल्या जुन्या गावचे, लॅब उघडण्यापासून टनेल पुसण्यापर्यंत सगळं तेच करायचे. विभागप्रमुख म्हणाले, "सरांना विचारा, आमच्या टनेलबद्दल त्यांचं काय मत आहे?"

मी विचारलं. पाहुणे टनेलकडे बघत शांतपणे म्हणाले, "माझं आयुष्य ओतकामाच्या भट्टीपाशी गेलं. या यंत्रातलं मला काहीही कळत नाही. पण पुसून फार छान ठेवलंय."

"काय म्हणतात?"

माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. खरं तर मला नीट ठाऊक आहे काय आलं. संताप आला. मी म्हटलं, "सर म्हणतात, टनेलच्या तोंडासमोर ही कपाटं कशाला? हवा वाकडी शिरते. आधी ती हलवा."

विभागप्रमुखांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "अगदी बरोबर! मलाही केव्हापासून तेच वाटत होतं." लगेच वर्कशॉपमधून माणसं आली. ज्यांना हात लावायचा नव्हता त्या फायली हातोहात गठ्ठे बांधून व्हरांड्यात गेल्या आणि कपाटं त्यांच्यामागून. पाहुणे कौतुकाने बघत होते. मला म्हणाले, "तुमच्याकडे साफसफाई किती झटपट होते." मी मान डोलावली.

सगळे जेवायला गेल्यावर मामा माझ्याजवळ आले. "मॅडम, ह्ये तर तुमी कवाधरनं सांगताय न्हवं?"

"हो मामा."

"मंग आजच कसं हाललं?"

"आज जपानीत सांगितलं."

मामा हसले नाहीत. "आवघड हाय," म्हणाले आणि कपाटांखालची वर्षानुवर्षांची धूळ झाडायला लागले.

संध्याकाळी मी आणि मामांनी टनेल चालू केलं. पंख सपाट धरला. काटा थरथरला आणि शून्यावर येऊन थांबला. बंद केलं, परत चालू केलं. परत शून्य. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीही मला लाज वाटली नाही. आता मुलांना खरं रीडिंग घ्यायला शिकवता येणार होतं, आणि शिकवणार मी होते.

शेवटच्या दिवशी सभागृहात समारोप झाला. विभागप्रमुखांनी पाहुण्यांना शाल दिली आणि माइकवरून सांगितलं, "सरांनी एका नजरेत आमच्या विंड टनेलचा दोष ओळखला. एवढी वर्षं आम्हाला जे दिसलं नाही, ते त्यांनी क्षणात दाखवलं." टाळ्या झाल्या. मग माझ्याकडे वळून, "सांगा त्यांना."

मूग गिळून गप्प बसता आलं असतं. 'कॉलेज तुमचे आभार मानतं' एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मी शब्दन् शब्द सांगितला. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "हा विषय तुमचा आहे का?" मी म्हटलं, "हो. पुढच्या सत्रापासून मीच शिकवणार आहे." त्यांनी माइक हातात घेतला आणि चार वाक्यं बोलले. मी तीही जशीच्या तशी मराठीत सांगितली. त्या सभागृहात आपण एकदा तरी खरं बोलावं असं मला फार वाटत होतं.

मी म्हटलं, "सर म्हणतात, टनेलबद्दल मी काहीच सुचवलं नाही. मला त्यातलं काही कळत नाही, हेच मी त्या दिवशी म्हणालो होतो. दोष या मॅडमनी ओळखला. आभार त्यांचे माना."

माझे कान तापले. आता काय होईल ते होवो, असं म्हणून मी उभी राहिले. आणि मग विभागप्रमुख उठले, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत. "विद्यार्थ्यांनो, बघा! याला म्हणतात जपानी नम्रता! एवढं मोठं काम केलं आणि श्रेय कुणाला दिलं? दुभाष्याला!" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. पहिल्या रांगेतल्या मुलांनी मी शिकवलं होतं तसं कंबरेत वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना.

पाहुणे गेल्यावर विषयवाटप आलं. एरोडायनॅमिक्स थर्मलवाल्या सरांकडेच होतं. माझ्याकडे जपानीच्या दोन तुकड्या वाढल्या होत्या. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"मॅडम, तुम्ही जपानी सोडलं तर ते बघणार कोण? काय सुंदर बोललात त्या दिवशी! आणि टनेल तर आता नीट चालतंय. आता काय, कुणीही शिकवेल."

"ते नीट चालतंय कारण कपाटं हलवा असं मी सांगितलं होतं. तुम्हालाच सांगितलं होतं, याच खुर्चीसमोर."

ते प्रेमाने हसले. चिडले असते तर मला चाललं असतं. "बघा, सरांनी मोठ्या मनाने तुमचं नाव घेतलं, तर तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं." आणि त्यांनी चहा मागवला. तो मी घेतला नाही. माझ्याकडून तेवढाच काय तो निषेध.

सत्र सुरू झालं. एका दुपारी थर्मलवाले सर माझ्या वर्गाच्या दाराशी आले. मुलांनी स्वतः बनवलेला मोठा पंख टनेलमध्ये लावायचा होता. एवढा मोठा चालेल का, अशी त्यांना शंका होती. मी दारातच सांगितलं, "नाही चालणार. मोठा पंख वाट अडवतो, बाजूच्या भिंतींमुळे रीडिंग फुगतं. निम्म्या मापाचा करायला सांगा."

"हं," सर म्हणाले. "तुमचं बरोबर असेल. पण एकदा त्या जपानी सरांना विचारून घेता का? मेल टाका ना."

मी मेल टाकला. पंखाचं काही विचारलं नाही. भट्टीपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला कशाला छळायचं? नुसती ख्यालीखुशाली विचारली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी ते स्टाफरूममध्ये उघडलं तेव्हा थर्मलवाले सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पाहुण्यांनी लिहिलं होतं, 'आता तो विषय तुमच्याकडे आला असेल. फार आनंद वाटला. मुलं भाग्यवान आहेत.'

"काय म्हणतात सर?" त्यांनी विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हटलं, "म्हणतात, निम्म्या मापाचा करा. भिंतींमुळे रीडिंग फुगतं."

"वा! अनुभव तो अनुभव," असं म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं. "जरा हळू सांगा, लिहून घेतो."

मी हळू सांगितलं.